आडवी बदली

एर्झुरुमच्या कचेरीत या अर्जाला
आडवी बदली म्हणतात.
वर नाही, खाली नाही,
फळीवरची बरणी या टोकाहून त्या टोकाला
सरकवावी तशी.

बेतिगुलने फॉर्म भरला त्या दिवशी
बाहेर उणे एकवीस होतं
आणि आम्हा दोघींच्या नखांत साबण.
दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला
खरा दात कुणी हाती देत नाही.
साबणाच्या वड्या देतात आणि एक चाकू.
त्यातून दाढ काढायची,
चार टोकं, मधली खळगी, मुळांची फाटाफूट.
माझी दाढ बटाट्यासारखी व्हायची.
तिची सर उजेडाकडे धरायचे,
थोडा वेळ काही बोलायचे नाहीत.

मग तूच का जातेयस?
मी विचारलं. बरं नाही विचारलं, ओरडलेच.
ती नखातला साबण काढत म्हणाली,
"हात चालतो गं.
मीच चालत नाही त्याच्याबरोबर."

तिकडे रिझेला, चहाच्या उतारावर,
तिच्या वडिलांनी पानं तोलणाऱ्या काट्यापाशी
सगळ्यांना सांगून टाकलेलं.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात,
आमच्या घरात भरणार आहे, असं.
सणाला ती घरी गेली की
शेजारी नमस्काराआधी तोंड उघडायचे.
फोनवर ते बराच वेळ गप्प होते.
मागे कुत्रं भुंकत होतं, तेही ऐकू येत होतं.
"तिथे शिकवतात तरी काय?"
"जुनी गावं खणायला, बाबा."
"खणायला मी शिकवलं असतं. फुकट."

चनाक्कालेहून दोन पानी उत्तर आलं.
तीसपैकी सहा श्रेयांक मान्य:
तुर्की, इंग्रजी, क्रांतीचा इतिहास.
शरीररचना, नाही.
दातांची आकृती व कोरीवकाम,
समकक्ष विषय आढळला नाही.

ते पान मी उगाचच पुन्हा वाचलं.
ऑक्टोबरात तिने माझ्या जबड्याचा ठसा घेतला होता.
तो गार गुलाबी लगदा घशापर्यंत आला,
मला उमासे येत होते,
आणि ती माझं डोकं पोटाशी धरून म्हणत होती,
नाकाने श्वास घे, छतावरच्या नळ्या मोज.
नळ्या अकराच होत्या.
मी त्या चारदा मोजल्या.

बस रात्रीची, बावीस तासांची.
जाणाऱ्याच्या मागे पाणी ओततात आमच्यात,
पाण्यासारखी जा, पाण्यासारखी ये.
मी अख्खी बाटली ओतली.
बस वळायच्या आत ते गोठलं.
सकाळी स्टँडवरचा सिमीटवाला त्यावर घसरला
आणि कुणा गाढवाने इथे पाणी सांडलं म्हणून
दिवसभर शिव्या देत राहिला.
ते गाढव त्याच्याकडूनच सिमीट घेऊन
कॉलेजला गेलं.

तिची शेवटची दाढ न्हाणीघरात राहिली होती,
साबणदाणीत.
पहिले काही दिवस मी तिला हात लावला नाही.
मग वसतिगृहातला साबण संपला.
खळगी आधी गेली,
मग टोकं, एकेक.
मुळं मार्चपर्यंत टिकली.

एप्रिलमध्ये एक फोटो आला.
ट्रेमध्ये मातकट जबडा, शेजारी मोजपट्टी.
"ही इतकी सपाट का झिजली असेल? तुला कळेल."
'अगं' नाही, 'कशी आहेस' नाही.
रागावून फोन उलटा ठेवला.
रात्री दोन पुस्तकं उघडून बसले, मग लिहिलं:
जात्याचा दगड पिठात उतरतो,
आयुष्यभर भाकरीतून तीच कच चावली की असं होतं.
बाई पंचेचाळिशीची असावी.
डाव्या बाजूला दुखत असणार.

ती म्हणाली, बाई आहे हे कशावरून?
मी म्हटलं, माहीत नाही.

परवा साबणाची नवी वडी मिळाली.
माझी दाढ आता दाढेसारखी होते.
सर ती उजेडाकडे धरतात
आणि बोलतात, बरंच बोलतात,
खळगी अजून खोल हवी, म्हणतात.